एत्तोरे बुगाटी

एत्तोरे आर्को इसिदोरो बुगाटी (जन्म : मिलान, इटली, १५ सप्टेंबर १८८१, मृत्यू : पॅरिस, फ्रान्स, २१ ऑगस्ट १९४७) हे जन्माने इटालियन असलेले आणि आल्सास प्रांताला कर्मभूमी मानणारे मोटारनिर्माते व यंत्ररचनाकार होते. मोल्सेम या छोट्या गावी त्यांनी १९०९ च्या अखेरीस सुरू केलेल्या कारखान्यातून शर्यतीच्या आणि विलासी मोटारी तयार होत. त्यांच्या हयातीत तेथे बनलेल्या मोटारींची संख्या सुमारे ८,००० च भरते. तरीही मोटारीच्या इतिहासात या कारखान्याला मानाचे स्थान आहे. कलावंतांच्या घराण्यात वाढलेले बुगाटी इंजिनाकडेही शिल्पाच्या नजरेने पाहत. या नजरेने त्यांना मोठे यश मिळवून दिले आणि पुढे काही बाबतींत काळाच्या मागेही ठेवले.

घराणे आणि बालपण

एत्तोरे यांचे आजोबा जोव्हान्नी लुइजी हे वास्तुकाम व शिल्पकला यांत रमलेले होते. वडील कार्लो बुगाटी हे फर्निचर आणि दागिन्यांचे नामवंत कलाकार होते. धातू, चर्मपत्र व लाकूड यांच्या मेळातून घडवलेल्या त्यांच्या खुर्च्या आज अनेक संग्रहालयांत आहेत. चित्रकार जोव्हान्नी सेगान्तीनी हे एत्तोरे यांच्या आत्याचे सहचर होते. धाकटा भाऊ रेम्ब्रांट याने प्राण्यांची शिल्पे घडवण्यात लहान वयातच प्रावीण्य मिळवले. एत्तोरे यांनीही कलाशिक्षणाला आरंभ केला होता. परंतु भावाची प्रतिभा आपल्याहून थोर आहे हे ओळखून ते यंत्रांकडे वळले, असे सांगितले जाते.

उमेदवारीची वर्षे

वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास बुगाटी मिलानमधील प्रिनेत्ती आणि स्तुक्की या सायकली बनवणाऱ्या कारखान्यात दाखल झाले. अभियांत्रिकीची कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती. तेथे त्यांनी इंजिन बसवलेल्या तीनचाकीवर प्रयोग केले व शर्यतींतही भाग घेतला. १९०१ साली गुलिनेल्ली बंधूंच्या आर्थिक साहाय्याने त्यांनी एक मोटार तयार केली. मिलानच्या प्रदर्शनात तिला पारितोषिक मिळाले आणि आल्सासमधील द दीत्रिश या उद्योगसमूहाचे तिच्याकडे लक्ष गेले. १९०२ साली या समूहाशी करार झाला तेव्हा बुगाटी कायद्याने सज्ञान नव्हते. म्हणून करारावर वडिलांना सही करावी लागली. आल्सास त्या वेळी जर्मन साम्राज्यात होता.

द दीत्रिशनंतर त्यांनी काही काळ एमील मातिस यांच्याबरोबर काम केले. १९०७ साली ते क्योल्न येथील डॉइत्झ कारखान्यात रुजू झाले. निकोलाउस ऑटो यांच्या चार फेऱ्यांच्या इंजिनामुळे हा कारखाना आधीच प्रसिद्ध होता. याच वर्षी बार्बारा बोल्त्सोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नोकरी सांभाळून घराच्या तळघरात त्यांनी स्वतःसाठी एक हलकी मोटार बांधली. ती पुढे टाइप १० या नावाने ओळखली गेली.

या छोट्या मोटारीत बुगाटी यांच्या पुढील कामाचे बीज होते. इंजिनात दट्ट्या ज्या नळकांड्यात खालीवर होतो त्याला सिलिंडर म्हणतात. सिलिंडरमध्ये इंधन व हवा यांचे मिश्रण आत घेण्यासाठी आणि जळालेला वायू बाहेर सोडण्यासाठी झडपा असतात. त्या काळच्या बहुतेक इंजिनांत या झडपा सिलिंडरच्या कडेला बसवलेल्या असत, त्यामुळे वायूंना वळसा घेऊन जावे लागे. बुगाटी यांनी झडपा सिलिंडरच्या माथ्यावर ठेवल्या आणि त्यांची उघडझाप करणारा कॅमशाफ्टही वरच बसवला. वायूंचा मार्ग सरळ झाल्याने लहान इंजिनही वेगाने फिरू लागले. मोठ्या इंजिनातूनच मोठी शक्ती मिळते, ही त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. बुगाटी यांनी हलकेपणा आणि इंजिनाचा वेग यांवर भर दिला.

मोल्सेमचा कारखाना

१९०९ च्या अखेरीस बुगाटी यांनी स्त्रासबुर्गजवळच्या मोल्सेम येथे कापड रंगवण्याचा एक बंद पडलेला कारखाना भाड्याने घेतला. तेथे तयार झालेल्या टाइप १३ या मोटारीचे इंजिन चार सिलिंडरचे आणि १,३२७ घन सेंटीमीटर क्षमतेचे होते. १९११ साली ल माँ येथे झालेल्या शर्यतीत एर्नेस्त फ्रिदरिख यांनी अशीच एक मोटार चालवून दुसरा क्रमांक मिळवला. पहिली आलेली फियाट मोटार इंजिनाच्या आकारमानाने बुगाटीच्या कितीतरी पट मोठी होती. त्याच सुमारास बुगाटी यांनी रचलेली एक चिमुकली मोटार प्यूजो कंपनीने बेबे या नावाने बाजारात आणली.

पहिले महायुद्ध

१९१४ साली युद्ध सुरू झाले तेव्हा बुगाटी इटालियन नागरिक होते आणि कारखाना जर्मन भूमीवर होता. शर्यतीसाठी बांधलेल्या काही मोटारींचे भाग जमिनीत पुरून, दोन मोटारी सोबत घेऊन ते कुटुंबासह मिलानला आणि तेथून पॅरिसला गेले. तेथे त्यांनी विमानांची इंजिने तयार केली. त्यांपैकी एकात आठ सिलिंडरच्या दोन रांगा शेजारी शेजारी उभ्या करून १६ सिलिंडर बसवले होते. या इंजिनाच्या निर्मितीचे हक्क अमेरिकेने विकत घेतले. परंतु युद्ध संपेपर्यंत मोजकीच इंजिने तयार झाली.

याच काळात, जानेवारी १९१६ मध्ये, रेम्ब्रांट बुगाटी याने पॅरिसमध्ये आत्महत्या केली. तो अवघा ३१ वर्षांचा होता. अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात बसून त्याने वर्षानुवर्षे प्राण्यांची शिल्पे घडवली होती. युद्धात तेथील प्राणी मारले गेले होते.

युद्धानंतर आल्सास फ्रान्सकडे आला आणि बुगाटी मोल्सेमला परतले. १९२१ साली इटलीतील ब्रेशा येथील शर्यतीत त्यांच्या चार मोटारी पहिल्या चार क्रमांकांवर आल्या. या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला चार झडपा होत्या. या विजयानंतर ही मोटार ब्रेशा याच नावाने ओळखली जाऊ लागली.

टाइप ३५

ऑगस्ट १९२४ मध्ये ल्यों येथील फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत टाइप ३५ प्रथम रस्त्यावर आली. तिच्यात एका रांगेतील आठ सिलिंडरचे, १,९९१ घन सेंटीमीटरचे इंजिन होते. प्रत्येक सिलिंडरला तीन झडपा होत्या : दोन आत घेणाऱ्या, एक बाहेर सोडणारी. दट्ट्यांच्या खालीवर होण्याचे फिरण्यात रूपांतर करणाऱ्या क्रँकशाफ्टला गोळ्यांची व रुळांची बेअरिंगे दिलेली होती. त्यामुळे घर्षण घटले आणि इंजिन अधिक वेगाने फिरू शकले. चाके अ‍ॅल्युमिनियमची ओतीव होती आणि ब्रेकचे ड्रम चाकांशीच एकजीव केलेले होते. पुढचा आस आतून पोकळ ठेवून वजन वाचवले होते.

पहिल्या शर्यतीत मात्र टायरांनी दगा दिला आणि अपेक्षित यश हाती आले नाही. पुढील वर्षापासून चित्र पालटले. सिसिलीच्या डोंगराळ रस्त्यांवरील तार्गा फ्लोरिओ ही खडतर शर्यत १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे बुगाटी मोटारींनी जिंकली. १९२६ साली निर्मात्यांचे जागतिक विजेतेपदही त्यांना मिळाले. १९२९ साली भरलेली पहिली मोनॅको ग्रां प्री विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स यांनी टाइप ३५ बी या मोटारीतून जिंकली.

कारखान्याच्या चालकांकडे असलेली ही मोटार पैसे मोजणाऱ्या ग्राहकालाही विकत मिळत असे. त्यामुळे स्वतःच्या खर्चाने शर्यतीत उतरणारे अनेक चालक तिच्याकडे वळले. चेकोस्लोव्हाकियाच्या एलिश्का युन्कोव्हा यांनी १९२८ च्या तार्गा फ्लोरिओत पाचवा क्रमांक मिळवला तो बुगाटीतूनच.

इंजिनाविषयीची दृष्टी

बुगाटी यांच्या इंजिनाचा बाह्य आकार सपाट पृष्ठांचा आणि काटकोनी कडांचा असे. धातूचे पृष्ठ हाताने खरवडून इतके सपाट केले जात की जोडाच्या जागी गॅस्केटची फारशी गरज उरत नसे. सिलिंडर आणि त्यांचा माथा एकाच ओतकामात घडवलेला असल्याने तेथून वायू गळण्याचा प्रश्नच नव्हता. या सौंदर्याची किंमत दुरुस्तीच्या वेळी मोजावी लागे. झडपा घासून नीट बसवायच्या, तर बरेचसे इंजिन खोलावे लागे.

नव्या कल्पना स्वीकारताना ते सहसा चालढकल करीत. हवा दाबून इंजिनात भरणारा सुपरचार्जर त्यांना प्रथम पसंत नव्हता. प्रतिस्पर्धी पुढे जाऊ लागल्यावर त्यांनी तो स्वीकारला. आत घेणाऱ्या व बाहेर सोडणाऱ्या झडपांसाठी दोन स्वतंत्र कॅमशाफ्ट बसवण्याची पद्धत प्यूजोने १९१२ सालीच शर्यतीत यशस्वी केली होती. बुगाटी यांनी ती बऱ्याच उशिरा आपलीशी केली. १९२९ साली अमेरिकन चालक लिऑन ड्युरे याच्या दोन मिलर मोटारी त्यांनी आपल्या मोटारी देऊन मिळवल्या आणि त्यांच्या इंजिनांचा बारकाईने अभ्यास केला. १९३१ च्या टाइप ५१ मध्ये दोन कॅमशाफ्ट आले. त्याच वर्षी लुई शिरों यांनी या मोटारीतून मोनॅकोची शर्यत जिंकली. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक मात्र १९३८ पर्यंत त्यांच्या मोटारींत आले नाहीत. तोपर्यंत तारेने ओढले जाणारे ब्रेकच वापरले जात होते.

रोयाल आणि रेल्वेगाड्या

राजेरजवाड्यांसाठी जगातील सर्वांत भव्य मोटार बांधावी या हेतूने बुगाटी यांनी टाइप ४१, अर्थात रोयाल, हाती घेतली. तिच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची क्षमता १२.७ लिटर होती आणि लांबी सहा मीटरांहून अधिक होती. रेडिएटरच्या टोपणावर मागच्या पायांवर उभा असलेला हत्ती होता. दिवंगत भावाच्या शिल्पावरून तो घडवला होता. अशा २५ मोटारी बांधण्याचा बेत होता. परंतु जागतिक मंदी कोसळली. सहाच मोटारी तयार झाल्या आणि त्यांपैकी तीनच ग्राहकांना विकल्या गेल्या.

रोयालसाठी आखलेली प्रचंड इंजिने वाया गेली नाहीत. १९३३ पासून बुगाटी यांनी ती वेगवान रेल्वेगाड्यांत बसवली. मोठ्या गाडीत अशी चार इंजिने असत. पुढच्याच वर्षी अशा गाडीने ताशी १९० किलोमीटरहून अधिक वेग गाठला. फ्रान्समध्ये अशा ८० हून अधिक गाड्या धावल्या. मंदीच्या वर्षांत कारखाना तगला तो मुख्यतः या कामावर.

ज्याँ बुगाटी

थोरला मुलगा ज्याँ (जन्म १९०९) हा विशीतच कारखान्याचे काम पाहू लागला. १९३४ साली आलेली टाइप ५७ ही मुख्यतः त्याची निर्मिती होय. तिच्यात ३,२५७ घन सेंटीमीटरचे, दोन कॅमशाफ्टचे इंजिन होते. पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे हलावीत अशी रचना ज्याँला हवी होती. वडिलांनी ती नामंजूर केली आणि जुना अखंड आस कायम राहिला. याच मोटारीची अटलांटिक ही आवृत्ती, पाठीवरून जाणाऱ्या रिव्हेट मारलेल्या कण्यामुळे, आजही ओळखली जाते. अशा चारच मोटारी बनल्या आणि त्यांपैकी तीन आज अस्तित्वात आहेत.

१९३६ साली फ्रान्सभर झालेल्या संपांत मोल्सेमचे कामगारही सामील झाले. कामगारांना कुटुंबीयांप्रमाणे वागवल्याची भावना बाळगणाऱ्या एत्तोरे यांना हा घाव जिव्हारी लागला. कारखाना ज्याँवर सोपवून ते पॅरिसला राहू लागले. ज्याँच्या देखरेखीखाली १९३७ आणि १९३९ साली ल माँ येथील २४ तासांची शर्यत बुगाटीने जिंकली. दुसऱ्या विजयानंतर दोनच महिन्यांनी, ११ ऑगस्ट १९३९ रोजी, तीच विजयी मोटार मोल्सेमजवळच्या रस्त्यावर तपासत असताना ज्याँ अपघातात मरण पावला. रस्त्यावर अचानक आलेल्या सायकलस्वाराला वाचवताना मोटार झाडावर आदळली होती. त्याचे वय ३० होते.

दुसरे महायुद्ध आणि अखेर

ज्याँच्या मृत्यूनंतर तीन आठवड्यांतच दुसरे महायुद्ध सुरू झाले. पुढच्या वर्षी कार्लो बुगाटी यांचे निधन झाले. जर्मनांनी आल्सास ताब्यात घेतल्यावर बुगाटी यांना कारखाना त्यांना विकणे भाग पडले. तीन रोयाल मोटारी पॅरिसजवळ एर्मनोंव्हिल येथे भिंतीआड लपवून ठेवण्यात आल्या. ग्रोव्हर-विल्यम्स आणि १९३७ च्या ल माँ विजेत्यांपैकी एक असलेले रोबेर बनुआ हे दोघे जर्मनांविरुद्धच्या गुप्त कारवायांत उतरले, पकडले गेले आणि मारले गेले. पत्नी बार्बारा यांचे १९४४ साली निधन झाले.

युद्ध संपल्यावर एक वेगळेच संकट उभे राहिले. बुगाटी अद्याप इटालियन नागरिक होते आणि कारखाना जर्मनांना विकलेला होता. त्यामुळे फ्रेंच सरकारने तो आपल्या ताब्यात घेतला. १९४६ साली त्यांनी फ्रेंच नागरिकत्व स्वीकारले व दुसरा विवाह केला. कारखान्यासाठी चाललेल्या खटल्याचा निकाल १९४७ साली त्यांच्या बाजूने लागला, पण तोवर ते गंभीर आजारी होते. थोड्याच काळात, २१ ऑगस्ट रोजी, त्यांचे निधन झाले. मोल्सेमशेजारच्या डोर्लिसाइम येथील दफनभूमीत कुटुंबीयांच्या सान्निध्यात त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

वारसा

बुगाटी यांच्यानंतर कारखान्याला पूर्वीचे तेज लाभले नाही. १९५६ च्या फ्रेंच ग्रां प्रीत उतरलेली टाइप २५१ अपयशी ठरली आणि १९६३ साली कारखाना हिस्पानो-सुइझा कंपनीकडे गेला. पुढे हे नाव दोनदा पुन्हा उभे राहिले. प्रथम इटलीत : १९९१ साली, संस्थापकाच्या ११० व्या जन्मदिनी, ईबी ११० ही मोटार सादर झाली. नंतर १९९८ साली फोक्सवॅगन समूहाने हे नाव विकत घेतले आणि मोटारींची निर्मिती पुन्हा मोल्सेमला आली. २००५ च्या वेरों या मोटारीला १९३९ च्या ल माँ विजेत्यांपैकी एक असलेल्या पिएर वेरों यांचे नाव दिले आहे. तिच्या ८ लिटर इंजिनात १६ सिलिंडर असून ते १,००१ अश्वशक्ती देते.

फ्रान्समधील म्युलूझ येथील राष्ट्रीय मोटार संग्रहालयात १०० हून अधिक बुगाटी मोटारी आहेत; त्यांत दोन रोयालही आहेत. तेथे रेडिएटरवरचा रेम्ब्रांटचा हत्ती आणि त्यामागचे एत्तोरे यांचे इंजिन, अशी दोघा भावांची कामे एकाच मोटारीवर पाहता येतात.