अर्थशास्त्राचे विद्यार्थी बाबासाहेब

संविधानाचे शिल्पकार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सारे जग ओळखते. पण त्यांच्या बहुतेक पदव्या अर्थशास्त्रातल्या होत्या, हे आपल्याच अनेक तरुणांना ठाऊक नसते.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. या काळात त्यांनी अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम घेतले. सोबत इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4 आणि राज्यशास्त्राचे 3. पैशाचा हिशेब समाज समजल्याशिवाय लागत नाही, हे या यादीतूनच दिसते. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिणाऱ्या याच विद्यार्थ्याने मे 1916 मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला.

पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश मिळाला, पण शिष्यवृत्ती संपली आणि 1917 मध्ये परतावे लागले. 1918 मध्ये त्यांनी लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. नुसते तुकडे जोडून शेती सुधारणार नाही. शेतीवर पडलेला माणसांचा जादा भार उद्योगांकडे वळला पाहिजे, असे त्यांनी मांडले. त्याच वर्षी ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांचे तास मन लावून ऐकत. काही सहकाऱ्यांना मात्र त्यांनी पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला हात लावलेला खपत नव्हता. प्राध्यापकाची खुर्ची मिळाली तरी जात सुटली नव्हती.

पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, एवढ्या बळावर 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरील या प्रबंधात त्यांनी रुपयाची परदेशातली किंमत बघून भागणार नाही, देशात त्या रुपयात काय विकत मिळते तेही बघा, असा मुद्दा मांडला. महागाईत मजुरी मागे राहते आणि झळ गरिबाला बसते. 1925 मध्ये चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली.

हे ज्ञान त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ, 1950 मध्ये औरंगाबादला महाविद्यालय निघाले, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सिद्धार्थमध्ये सकाळचे वर्ग भरत. आणि 1953 मध्ये सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय उभे राहिले. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या व्यापारापासून आणि संपत्तीपासून दूर ठेवले गेले, त्याच्या मुलांसाठी जमाखर्च, बँक आणि बाजार समजण्याचे दार उघडले.

आज आपली मुले कॉमर्सला जातात, पण अनेकांची नजर फक्त नोकरीवर असते. मित्रांनो, जयंतीला डीजेसाठी वर्गणी काढताना वस्तीतल्या एका तरी विद्यार्थ्याच्या फीचा आणि बाबासाहेबांच्या अर्थशास्त्रीय ग्रंथांचाही हिशेब धरू या. राज्याचे अंदाजपत्रक वाचून आपल्या वाट्याचा निधी कुठे गेला हे विचारू शकणारा तरुण प्रत्येक वस्तीत हवा.

जय भीम!