विश्लेषण : वाचकांना उत्तरे दिली म्हणून खटला? र. धों. कर्वे आणि आजच्या एलजीबीटीक्यू हक्कांचा संबंध काय?

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले. पण हा विषय मुंबईतील न्यायालयात ८४ वर्षे आधीच निघाला होता. आरोपी होते ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे आणि वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

कोण होते र. धों. कर्वे?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले पुत्र. जन्म १४ जानेवारी १८८२ चा. पॅरिसमध्ये गणित शिकून आलेले रघुनाथराव गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही याच वर्षी. हा प्रचार कॉलेजला खटकला. कर्वे यांनी नोकरी सोडली, प्रचार सोडला नाही.

‘समाजस्वास्थ्य’मध्ये काय असायचे?

जुलै १९२७ मध्ये हे मासिक निघाले. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रियांचे लैंगिक स्वातंत्र्य हे त्याचे विषय. घरात किंवा डॉक्टरकडेही जे विचारता येत नव्हते, ते वाचक पत्राने विचारत. कर्वे त्यांना न लाजता, शास्त्रीय भाषेत उत्तरे देत.

खटला कशावरून झाला?

व्यभिचारावरील लेखासाठी त्यांना १९३१ मध्ये १०० रुपये दंड झालाच होता. १९३४ मध्ये पुन्हा अटक झाली. या वेळी निमित्त होते वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. त्यात हस्तमैथुन आणि समलैंगिकतेचे प्रश्न होते. आरोप अश्लीलतेचा.

आंबेडकरांनी काय मांडले?

त्या सुमारास दादरच्या ‘राजगृहा’त राहायला आलेले बाबासाहेब या लोकांना न रुचणाऱ्या खटल्यात उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यावरून मजकूर अश्लील ठरत नाही, लोक विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. समलैंगिकतेबाबत त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला. एखाद्याचा कल जन्मतःच तसा असेल, तर आपल्या पद्धतीने सुखी होण्याचा त्याला हक्क आहे, ही त्यांची भूमिका होती. न्यायालयाला ती पटली नाही. कर्वे यांना २०० रुपये दंड झाला.

आज याचे महत्त्व काय?

हा खटला तृतीयपंथीयांच्या ओळखीबद्दल नव्हता. लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात मान्य केला. तृतीयपंथीयांच्या हक्कसंरक्षणाचा कायदा २०१९ मध्ये आला. मात्र या सर्व हक्कांच्या आधी एक पायरी येते : आपल्या शरीराबद्दल, इच्छेबद्दल मोकळेपणाने विचारता येणे. १९३४ मध्ये अशा प्रश्नाला उत्तर छापणेही गुन्हा ठरले होते.

दंड भरूनही कर्वे यांनी मासिक बंद केले नाही. पदरमोड करत ते २६ वर्षे चालवले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले आणि ‘समाजस्वास्थ्य’ही थांबले.