माणसे घडविणारा न्यायाधीश

उत्तरेस सातपुड्याची उंच रांग आणि मध्ये तापीच्या काठचा काळ्या मातीचा सुपीक मुलूख, असा हा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा झाला. इ. स. १८७९ च्या सुमारास मात्र नंदुरबार, शहादे आणि तळोदे हे तालुके विस्तीर्ण अशा खानदेश जिल्ह्यात मोडत असत व त्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे धुळे हे होते. तापीच्या खोऱ्यातून जाणारी आगगाडी तेव्हा सुरू झालेली नव्हती. मोठ्या रकमेचा दिवाणी दावा उभा राहिला, की नंदुरबारच्या व्यापाऱ्याला किंवा शहाद्याच्या पाटलाला बैलगाडी जुंपून धुळ्याच्या न्यायालयाची वाट धरावी लागे. त्या न्यायालयात १८७९ च्या उन्हाळ्यात एक नवे न्यायाधीश रुजू झाले. धिप्पाड देह, भव्य कपाळ, अधू दृष्टी आणि अत्यंत शांत मुद्रा असे त्यांचे रूप होते. न्यायनिवाडा करण्यासाठी आलेल्या या गृहस्थांवर त्या वेळी सरकारचाच संशय होता. त्यांचे नाव महादेव गोविंद रानडे.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेल्यामुळे माधवरावांचे प्राथमिक शिक्षण कोल्हापुरास झाले. लहानपणी हा मुलगा फारच अबोल होता. तो पुढे मोठे नाव काढील, असे पाहणाऱ्यास वाटत नसे. १८५६ साली ते मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात दाखल झाले. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या एकवीस विद्यार्थ्यांमध्ये माधवराव होते. त्यांचे वाचन इतके अफाट होते, की विद्यार्थिदशेतच त्यांचे डोळे बिघडले. तरीही १८६२ मध्ये बी. ए., १८६४ मध्ये एम. ए. आणि १८६६ मध्ये एलएल. बी. अशा पदव्या त्यांनी मानाने मिळविल्या.

याच काळात त्यांच्या निर्भय स्वभावाचा प्रत्यय आला. एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजांच्या कारभाराशी तुलना केली आणि मराठ्यांच्या बाजूने मत दिले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना ते रुचले नाही. त्यांनी माधवरावांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. माधवरावांनी शिक्षा सोसली. परंतु गुरूविषयी मनात कधी अढी धरली नाही. आपले मत सोडावयाचे नाही आणि दुसऱ्याचा द्वेष करावयाचा नाही, हा त्यांचा बाणा पुढे जन्मभर टिकला.

पदवी मिळाल्यावर त्यांनी शिक्षणखात्यात भाषांतरकाराचे, अक्कलकोट व कोल्हापूर संस्थानांत कारभाराचे व न्यायदानाचे आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापनाचे काम केले. १८७१ मध्ये ते अॅडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाले. मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करून कीर्ती मिळविण्याचा मार्ग आता त्यांना मोकळा होता. तथापि त्याच वर्षी पुण्यास दुय्यम न्यायाधीशाची जागा मिळताच त्यांनी ती स्वीकारली. या निवडीमुळे त्यांच्या आयुष्याला निराळेच वळण लागले. सरकारी न्यायाधीश सभेच्या अग्रभागी उभा राहून सरकारवर टीका करू शकत नाही. म्हणून लोककार्य करावयाचे, तर इतरांना तयार करून पुढे करणे प्राप्तच होते. रानड्यांनी हे काम आनंदाने पत्करले.

पुण्यात त्यांना एक समानधर्मी वकील भेटले. ते म्हणजे गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांना आदराने सार्वजनिक काका म्हणत. काकांच्या पुढाकाराने २ एप्रिल १८७० रोजी पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. पक्षकाराने वकीलपत्र दिल्यावाचून वकिलाला न्यायालयात बोलता येत नाही. हाच नियम सभेने आपल्या सभासदांना लावला. किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणील, तोच सभासद होई. लोकांच्या वतीने बोलावयाचे, तर आधी लोकांचा विश्वास संपादन केला पाहिजे, हे तत्त्व त्यामागे होते.

काकांजवळ धडाडी होती आणि रानड्यांजवळ अभ्यास होता. १८७६ साली दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा सभेने गावोगाव माणसे पाठवून खरी माहिती गोळा केली. तिच्या आधारे रानड्यांच्या मार्गदर्शनाखाली अर्ज तयार झाले आणि ते सरकारकडे गेले. गोरगरिबांचे तंटे थोड्या खर्चात आपसांत मिटावेत म्हणून लवाद न्यायालय निघाले. तरुणांना सभेत विचारपूर्वक बोलता यावे, यासाठी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुण्यातील वकील, शिक्षक आणि कारकून यांना सार्वजनिक कामाचे वळण लागले, त्याचे पुष्कळसे श्रेय या जोडीकडे जाते.

सरकारला ही जागृती आवडणे शक्य नव्हते. १८७८ साली रानड्यांची नाशिकला बदली झाली. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी इंग्रजांविरुद्ध बंड उभारले आणि मे १८७९ मध्ये पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. या साऱ्यामागे पुण्याच्या पुढाऱ्यांचा हात असावा, असा सरकारला संशय आला. त्या संशयातून रानडेही सुटले नाहीत. त्यांना तातडीने धुळ्यास पाठविण्यात आले.

धुळ्यातील ते दिवस मोठ्या कसोटीचे होते. रानड्यांना येणारी पत्रे वाटेतच फोडली जात. एवढ्यावर न थांबता, बंडवाल्यांच्या सहीची आणि बंडाच्या बातम्या देणारी पत्रे त्यांच्या नावे येऊ लागली. त्यांतील एक पत्र जरी घरात लपवून ठेवले असते, तरी त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप येता. रानड्यांच्या ध्यानात हा प्रकार आला. अशी पत्रे ते लिफाफ्यासह सरळ पोलिसांच्या स्वाधीन करीत. त्यांनी आदळआपट केली नाही, की नोकरीचा राजीनामा दिला नाही. नित्याप्रमाणे न्यायालयात जावे, कागद नीट ऐकून घ्यावेत आणि निकाल द्यावा, हा त्यांचा क्रम अखंड चालू राहिला. ज्याच्यावर स्वतःवरच खोटा आळ आला आहे, त्याला समोरच्या आरोपाचा पुरावा किती बारकाईने तपासला पाहिजे हे निराळे सांगावे लागत नाही. अखेर सरकारचा संशय निवळला. १८८१ च्या आरंभी त्यांची मुंबईस प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटच्या जागी नेमणूक झाली.

इकडे १८७९ सालीच पुण्यात फडक्यांवर खटला उभा राहिला होता. त्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते. ते धैर्य सार्वजनिक काकांनी दाखविले. आरोपीला बाजू मांडण्याचा हक्क असतो आणि तो हक्क राखणे हे वकिलाचे कर्तव्य असते, हे त्यांनी कृतीने शिकविले. दुर्दैवाने १८८० साली काका निवर्तले. रानड्यांना आता नवी माणसे शोधून तयार करावयाची होती.

असा एक तरुण त्यांना पुण्यात लाभला. गोपाळ कृष्ण गोखले हे शिक्षक होते. त्यांनी कायद्याचा अभ्यास आरंभून पुढे सोडून दिला होता. रानड्यांनी त्यांना सरकारी अहवाल वाचावयास दिले. जमाखर्चाचे आकडे पडताळून पाहावयाचे, त्यांवर टिपण करावयाचे आणि ते गुरूंपुढे ठेवावयाचे, असा तो अभ्यास होता. एखादा आकडा चुकला किंवा शब्द भडक पडला, तर मजकूर पुन्हा लिहावा लागे. एकदा गोखल्यांच्या मनात आले, की सरकार या अर्जांची दखलही घेत नाही. मग एवढे श्रम कशासाठी करावयाचे? तेव्हा रानड्यांनी त्यांना समजावून सांगितले, की हे अर्ज नावाला सरकारकडे जातात. वस्तुतः ते आपल्या लोकांसाठी असतात. ते वाचून लोक आपल्या प्रश्नांचा विचार करावयास शिकतात. हे शिक्षण सुमारे चौदा वर्षे चालले. त्याचे फळ १८९७ मध्ये दिसले. इंग्लंडमध्ये वेल्बी आयोगापुढे भारताच्या खर्चाविषयी साक्ष देताना गोखल्यांनी आपल्या बिनचूक आकड्यांनी सर्वांना प्रभावित केले.

मुंबईचे वकील नारायण गणेश चंदावरकर हेही रानड्यांचे अनुयायी. रानड्यांनी १८८७ साली सामाजिक परिषद सुरू केली. तिच्या कार्याची धुरा पुढे चंदावरकरांनी वाहिली. १९०१ साली तेही मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

रानड्यांच्या चरित्रात एक शल्यही आहे. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. परंतु पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८७३ साली वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. लोकांनी त्यांना याबद्दल दोष दिला आणि तो दोष खोटा नव्हता. मात्र रमाबाईंना त्यांनी स्वतः लिहावयास-वाचावयास शिकविले, घरातील विरोध सोसून शिकविले. पतीच्या पश्चात रमाबाईंनी पुण्याच्या सेवासदनातून अगणित स्त्रियांना शिक्षण दिले व त्यांना स्वतःच्या पायांवर उभे केले.

२३ नोव्हेंबर १८९३ रोजी रानडे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. न्यायालयाचे काम अवजड होते आणि प्रकृती खालावत चालली होती. तरीही तरुणांना मार्गदर्शन करण्याचे त्यांनी सोडले नाही. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांची प्राणज्योत मालवली. साठाव्या वर्षात पदार्पण करावयास त्यांना केवळ दोन दिवस उरले होते.

१९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापून देशसेवकांना शिक्षण देण्याची व्यवस्था केली. याच गोखल्यांना मोहनदास गांधी या बॅरिस्टरने आपले राजकीय गुरू मानले. अशा प्रकारे एका दिव्याने दुसरा दिवा लागत गेला. सरकारने रानड्यांना लोकांपासून दूर करण्यासाठी धुळ्यास पाठविले होते. धुळ्याहून ते अधिक शांत आणि अधिक खंबीर होऊन परतले आणि पुढील वीस वर्षांत त्यांनी लोकांना पुढारी दिले. स्वतः उच्च पदाला पोहोचणे ही मोठी गोष्ट खरीच. पण आपल्या मागून येणाऱ्याला त्या वाटेने चालावयास शिकविणे, ही तिच्याहूनही मोठी गोष्ट होय. न्यायमूर्ती रानड्यांनी या दोन्ही गोष्टी साधल्या.