डोरिसबाई टेलर

मुंबईचे डबेवाले घरचे जेवण कचेरीत नेऊन पोचवतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण ज्यांच्या घरी चूलच पेटत नाही, त्यांच्या दारात गरम जेवण नेऊन देणाऱ्या एका बाईंची हकिगत मला सांगायची आहे. त्यांचे नाव डोरिस टेलर.

दक्षिण ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड नावाचे शहर आहे. तिथल्या नॉरवुड भागात १९०१ साली डोरिसचा जन्म झाला. वडील गवंडीकाम करीत, म्हणजे घरची स्थिती बेताचीच. लहानपणी ती दोनदा पडली आणि त्यातून तिचे पाय कायमचे गेले. मुलीचे खेळायचे दिवस इस्पितळाच्या खाटेवर सरले. पुढचे सारे आयुष्य चाकाच्या खुर्चीत. अशा माणसाला आश्रमात ठेवून मोकळे व्हायचे, अशीच त्या काळची रीत होती. डोरिस मात्र घरीच राहिली. आपल्या घरात, आपल्या माणसांत राहण्याची किंमत तिला कळली ती तेव्हाच, असे मला वाटते.

१९३० च्या सुमारास जगभर मंदी आली. अ‍ॅडलेडमध्येही पुष्कळांचे रोजगार गेले. तेव्हा डोरिसबाईंनी उपाशी मुलांना गरम सूप मिळावे म्हणून खटपट केली. खुर्चीत बसूनच लोकांना कामाला लावायचे, ही त्यांची हातोटी. पुढे त्या पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांच्या संघटनेत काम करू लागल्या. तिथे त्यांनी पाहिले की, बरीच म्हातारी माणसे केवळ स्वयंपाक जमत नाही एवढ्यासाठी घर सोडून आश्रमात जातात. गुडघे धरलेले, हात कापतात, बाजार लांब. मग चहा आणि पाव यावरच दिवस काढायचा. त्याने शक्ती जाते, मग दुखणे, आणि मग घर सुटते. दुपारचे एक ताट मिळाले असते तर घर टिकले असते! आपल्याकडेही मुले परगावी गेली की चहात बिस्किट बुडवून रात्र काढणाऱ्या आजीबाई काय कमी आहेत?

इंग्लंडमध्ये लढाईच्या काळात, १९४३ पासून, स्त्री स्वयंसेविका घरोघर जेवण पोचवीत होत्या. ऑस्ट्रेलियातही १९५२ साली मेलबर्नला असे काम सुरू झाले होते. डोरिसबाईंनी १९५३ मध्ये आपल्या प्रांतासाठी 'मील्स ऑन व्हील्स' ही संस्था काढली. तेवढ्यात त्यांना आणखीही एक उद्योग होता. डॉन डन्स्टन नावाच्या तरुण वकिलाला त्यांनी निवडणुकीला उभे राहायला भरीस घातले आणि त्याच्या प्रचारात स्वतः राबल्या. तो त्याच वर्षी निवडून आला, आणि १९६७ साली प्रांताचा मुख्यमंत्री झाला. बाईंची पारख पाहा!

पहिले स्वयंपाकघर पोर्ट अ‍ॅडलेडला निघाले. ९ ऑगस्ट १९५४ रोजी तिथून पहिले जेवण बाहेर पडले. जेवणारे आठ आणि राबणारे अकरा. हिशेबी माणूस याला हसेल. पण कुणी चिरायचे, कुणी शिजवायचे, कुणी भांडी घासायची आणि कुणी ताट गार होण्याआधी दारात पोचवायचे, हे बसवायला अकरा हात लागतातच. आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला किती लागतात ते आठवा.

जेवण फुकट नव्हते. थोडे पैसे घेत, म्हणजे घेणाऱ्याला भीक मागितल्यासारखे वाटू नये. मला यातले सर्वांत पटले ते हेच. शिवाय ताट घेऊन येणारी बाई दोन शब्द बोले, माणूस बरा आहे ना ते पाही. दार उघडले नाही तर लगेच कळे. एकट्या माणसाला दाराची कडी वाजणे किती मोठे, ते एकटे राहिलेल्यालाच ठाऊक.

एकामागून एक स्वयंपाकघरे वाढत गेली. सरकारने १९५९ साली बाईंना एम.बी.ई. हा किताब दिला. १९६८ च्या मे महिन्यात त्या वारल्या. त्यांची संस्था दक्षिण ऑस्ट्रेलियात आजही चालू आहे, आणि जेवण घेऊन दारात जातात ते आजही बहुतेक स्वयंसेवकच.

— मंडळाची एक सभासद