लिऑन नागाँ : फट बुजवणारा माणूस
रिव्हॉल्व्हरची आतली रचना चित्रात पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला त्यात सरळ 'बग' दिसला. फिरता सिलिंडर आणि नळी यांच्यात फट. गॅस तिथूनच निसटणार! बेल्जियममधल्या लिएजचा लिऑन नागाँ (१८३३–१९००) भाऊ एमिलसोबत बंदुकांचा कारखाना चालवायचा. त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमर मागे ओढला की सिलिंडर पुढे सरकतो, काडतुसाचं लांब तोंड नळीत शिरतं आणि फट बंद. कल्पना एकट्याची नाही हं. लिएजच्याच पीपरने ती आधी वापरली होती. पण १८९५मध्ये रशियाने नागाँचं रिव्हॉल्व्हर सैन्यासाठी घेतलं, आणि नाव त्याचंच झालं. बदल्यात ट्रिगर मात्र भलताच जड. रशियात पुढे नेमबाजीसाठी टीओझेड-३६ बनलं, त्यात प्रत्येक गोळीआधी हॅमर अंगठ्यानेच ओढायचा. फट तशीच बंद, ट्रिगर हलका! लिऑन तोवर कधीच गेला होता.