कमला सोहोनी : प्रयोगशाळेतून किराणा दुकानापर्यंत

मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला भागवत १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. केवळ स्त्री म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. अखेर कडक अटींवर वर्षभरासाठी प्रवेश मिळाला. दूध आणि डाळींतील प्रथिनांवरचे त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

केंब्रिजहून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवलेल्या कमलाताई १९४७ मध्ये लग्नानंतर सोहोनी झाल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी गरिबांना परवडणाऱ्या नीरेचे पोषणमूल्य अभ्यासले. पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या.

निवृत्तीनंतर त्या ग्राहकांसाठी झटल्या. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी १९८२-८३ मध्ये भूषवले आणि संस्थेच्या ‘कीमत’ मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपण काय खातो हे ग्राहकाला कळलेच पाहिजे, हाच त्या कामाचा गाभा. आज ती माहिती पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत असते. जो घटक वजनाने सर्वांत जास्त, तो यादीत पहिला. पुढे ‘मल्टीग्रेन’ आणि मागे पहिला मैदा असेल, तर ते बिस्कीट मुख्यतः मैद्याचेच. गुलमंडीवर किराणा घेताना पाकीट एकदा उलटून पाहावे. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनी तर साखर आणि सोडियमचे आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.