वीरेंद्रकृष्ण भद्र : संहिता, स्वर आणि दिग्दर्शन

नभोवाणीवरील निवेदक हा संहितेचा केवळ वाहक होय, असा समज साहित्याच्या अभ्यासकांतही आढळतो. लेखकाने लिहावे, दिग्दर्शकाने बसवावे आणि निवेदकाने वाचावे, अशी कामाची वाटणी गृहीत धरली जाते. ही वाटणी किती अपुरी आहे, हे बंगाली निवेदक, नाटककार आणि नभोनाट्य-दिग्दर्शक वीरेंद्रकृष्ण भद्र (१९०५–१९९१) यांच्या चरित्रावरून ध्यानात येते.

भद्र यांचा जन्म कलकत्त्यात झाला. स्कॉटिश चर्च महाविद्यालयातून १९२८ साली पदवी घेतल्यावर ते रेल्वेच्या कचेरीत नोकरीस लागले. परंतु फावल्या वेळात त्यांची पावले गार्स्टिन प्लेस येथील नभोवाणी केंद्राकडे वळत. हे केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने २६ ऑगस्ट १९२७ रोजी सुरू केले होते आणि तेथील भारतीय कार्यक्रमांची सूत्रे नृपेंद्रनाथ मजुमदार यांच्या हाती होती. मजुमदारांनी या तरुणाचे गुण हेरले आणि भद्र नभोवाणीत आले. विष्णुशर्मा या नावाने त्यांनी स्त्रियांसाठी कार्यक्रम सादर केला, विरूपाक्ष या नावाने विनोदी लेखन केले आणि असंख्य नभोनाट्ये बसविली. ध्वनिक्षेपकासमोर बोलण्याचा आणि बोलणाऱ्याला घडविण्याचा असा दुहेरी अनुभव त्यांच्या गाठी जमा झाला.

त्यांची कीर्ती मात्र मुख्यतः एका कार्यक्रमाशी निगडित आहे. ज्या दिवसाला महाराष्ट्रात सर्वपित्री अमावास्या म्हणतात, तोच बंगालमधील महालया. त्या दिवशी पहाटे चार वाजता प्रक्षेपित होणाऱ्या 'महिषासुरमर्दिनी' या सुमारे दीड तासाच्या कार्यक्रमाची सिद्धता १९३० च्या दशकाच्या आरंभी झाली. संहिता वाणीकुमार (वैद्यनाथ भट्टाचार्य) यांची, संगीत पंकज मलिक यांचे आणि पठण भद्र यांचे. मलिक व भद्र एकाच वर्षी जन्मलेले, वाणीकुमार त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. तिघेही तेव्हा जेमतेम पंचविशीतले होते.

या रचनेत सप्तशतीतील संस्कृत श्लोक, तत्समप्रचुर बंगाली गद्य आणि गीते यांची गुंफण आहे. दिग्दर्शनाची खरी अडचण येथेच होती. संस्कृत श्लोकाला स्वतःची लय असते, गीताला ताल असतो. गद्य निवेदन मात्र दोहोंच्या मध्ये उघडे पडते. तालमीच्या वेळी भद्र प्रथम साध्या वाचनाच्या पद्धतीने बोलत होते. एकदा त्यांनी सहज, काहीशा गमतीने, गद्य सुरावर चढविले आणि ते कानी पडताच वाणीकुमारांनी हीच रीत कायम ठेवावयास सांगितले, असे सांगतात. दुसरी एक कथा अशी, की वादकांपैकी काही मुसलमान होते. श्लोक कोठे संपला आणि बंगाली गद्य कोठे सुरू झाले हे न कळून त्यांनी गद्यामागेही वाद्ये चालू ठेवली आणि त्यातून निवेदनाला अखंड स्वराधार मिळाला. कथांचा तपशील बाजूला ठेवला तरी त्यांतून सूचित होणारी कार्यपद्धती उद्बोधक आहे. जे आधी ठरविलेले नव्हते ते घडले, तेव्हा दिग्दर्शक आणि संगीतकार यांनी ते ओळखले आणि बाकीची रचना त्याला अनुरूप करून घेतली. निवेदकाकडून अपेक्षित तेवढेच वदवून घेण्यापेक्षा हे काम अवघड आहे.

ब्राह्मणेतराने चंडीपाठ करावा काय, असा आक्षेपही त्या काळी घेण्यात आला; भद्र हे कायस्थ होते. कार्यक्रमाच्या कर्त्यांनी तो मानला नाही. तो मानला असता तर संहिता शाबूत राहिली असती, पण कलाकृती उरली नसती.

भद्र यांचा स्वर दिग्दर्शकावाचून पांगळा होता असे मात्र नाही. १९४१ साली रवींद्रनाथांच्या अंत्ययात्रेचे धावते वर्णन त्यांनी नभोवाणीवरून केले. तेथे संहिता नव्हती की तालीम नव्हती. शोकाकुल प्रसंगी स्वर कोठे आवरावा आणि कोठे भरून येऊ द्यावा, ही जाण त्यांची स्वतःची होती. 'महिषासुरमर्दिनी'च्या उत्तरार्धात, स्तवनाच्या जागी त्यांचा कंठ दाटून येतो. हे स्थान कोणत्याही संहितेत लिहून ठेवता येत नाही.

पुढे १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, आकाशवाणीने हा कार्यक्रम बाजूला सारून 'दुर्गा दुर्गतिहारिणी' हा नवा कार्यक्रम महालयेला सादर केला. संगीत हेमंतकुमार मुखर्जी यांचे, निवेदनासाठी बंगाली चित्रपटसृष्टीचे नायक उत्तमकुमार. दोघांच्याही योग्यतेविषयी शंका नव्हती. तरीही श्रोत्यांनी इतका तीव्र निषेध केला, की त्याच वर्षी षष्ठीला जुना कार्यक्रम पुन्हा प्रक्षेपित करावा लागला. चार दशकांच्या सवयीचा यात वाटा होता हे मान्य केलेच पाहिजे. नवी संहिता आणि नवे संगीत हेही वेगळे होते, म्हणून सारा दोष निवेदनावर ठेवणे अन्यायाचे होईल. परंतु निवेदक हा बदलता येण्याजोगा भाग आहे, हे योजनेमागील गृहीतक चुकले हे उघड आहे. पहिल्या वेळी कार्यक्रम तालमीत स्वराभोवती वाढला होता. दुसऱ्या वेळी मोठी नावे एकत्र आणून तो उभारण्यात आला.

वाणीकुमार १९७४ साली, पंकज मलिक १९७८ साली निवर्तले. भद्र त्यांच्यामागे बरीच वर्षे राहिले. ध्वनिमुद्रित रूपात तो स्वर आजही महालयेच्या पहाटे बंगालमधील घराघरांत ऐकू येतो. वाङ्मयेतिहासात 'महिषासुरमर्दिनी'ची नोंद करताना आपण कर्ता म्हणून एकच नाव लिहितो. तेथे पठण करणाऱ्याचे नाव कर्त्यांमध्येच घातल्याशिवाय ती नोंद पूर्ण होणार नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.